पिल्लाआधी आई पाहा

मांजराच्या पिल्लांच्या दहा-वीस जाहिराती सलग वाचल्या की त्यांची ठरावीक भाषा ध्यानात येते. ‘पंच फेस’, ‘सेमी पंच’, ‘डॉल फेस’, ‘ट्रिपल कोट’, ‘ब्लू आइज’, ‘४० दिवसांचं’, ‘डीवर्मिंग झालेलं’, ‘पॉटी ट्रेन्ड’, ‘घरपोच मिळेल’. मुंबई असो, पुणे असो की नागपूर, शब्द तेच. पर्शियनचं पिल्लू साधारण दहा-बारा हजारांपासून सुरू होतं आणि चेहरा जितका चपटा तितका आकडा वर चढतो. मेन कूनसाठी तर लाखाच्या आसपासही बोली जाते. जाहिरातीत तोंड, केस, डोळे, रंग सगळ्याची वर्णनं असतात. पिल्लाच्या आईबद्दल मात्र चकार शब्द नसतो.

खरं तर तिच्याबद्दलच सगळ्यात आधी विचारायला हवं. जातिवंत पिल्लू घ्यायचं की नाही, यावर मतं वेगळी असू शकतात. पण घ्यायचंच ठरलं, तर आपण पैसे पिल्लाच्या चेहऱ्याचे मोजत नसतो. ते कुणाच्या पोटी जन्मलं, कुठल्या घरात वाढलं आणि आईजवळ किती दिवस राहिलं, याचे मोजत असतो. आपल्याकडे ही चौकशी करणारी दुसरी यंत्रणा जवळपास नाही, त्यामुळे ती जबाबदारी घेणाऱ्यावरच येते.

हौस जुनी, तक्रारही जुनी

लांब केसांची मांजरं युरोपात नेण्याचं श्रेय साधारणपणे पिएत्रो देल्ला व्हाले या इटालियन प्रवाशाला दिलं जातं. १६२०च्या सुमारास इराणातल्या खोरासानच्या मांजरांनी त्याला भुरळ घातली. पुढे हाच प्रवासी सुरत आणि गोव्यालाही येऊन गेला. गंमत अशी की आजच्या पर्शियन मांजरांचा डीएनए तपासला तेव्हा त्यांचं नातं इराणपेक्षा पश्चिम युरोपातल्या मांजरांशी जवळचं निघालं. म्हणजे आज आपण जिला पर्शियन म्हणतो ती बहुतांशी गेल्या दीडशे वर्षांत माणसानं निवडून निवडून घडवलेली आहे.

ही निवड नेटानं सुरू झाली ती इंग्लंडमध्ये. १३ जुलै १८७१ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हॅरिसन विअर या प्राण्यांच्या चित्रकारानं मांजरांचं पहिलं मोठं प्रदर्शन भरवलं. कुठल्या जातीचं मांजर कसं दिसावं, याचे निकषही त्यानंच आखले. १८८७मध्ये तिथे नॅशनल कॅट क्लब स्थापन झाला आणि विअर त्याचा पहिला अध्यक्ष झाला. काही वर्षांतच तो या कारभाराला विटला. सभासदांना मांजरांच्या भल्यापेक्षा बक्षिसं प्यारी झाली आहेत, अशी त्याची तक्रार होती. आज जबाबदार ब्रीडर आणि नुसता ब्रीडर यांच्यात जो फरक आपण शोधतो, तो या छंदाच्या जन्मापासूनच त्याच्या सोबत आहे.

त्यानंतर वंशावळी नोंदवणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. अमेरिकेत १९०६मध्ये सीएफए, ब्रिटनमध्ये १९१०मध्ये जीसीसीएफ, युरोपात १९४९मध्ये फिफे, पुन्हा अमेरिकेत १९७९मध्ये टिका आणि १९८८मध्ये वर्ल्ड कॅट फेडरेशन. आपल्याकडे जी काही खरी कागदपत्रं दिसतात ती बहुतेक याच संस्थांची किंवा त्यांच्याशी संलग्न क्लबांची असतात.

कागद काय सांगतो, काय सांगत नाही

‘पेपर आहेत’ असं विक्रेत्यानं म्हटलं की पुष्कळांचं समाधान होतं. कसले पेपर, कुणाचे पेपर, हा पुढचा प्रश्न विचारला जात नाही. काही विक्रेते तर बेधडक ‘केसीआय सर्टिफाइड पर्शियन’ म्हणून पिल्लू खपवतात. केनेल क्लब ऑफ इंडिया ही कुत्र्यांची नोंदणी करणारी संस्था आहे, ती मांजरांची नोंद ठेवत नाही. मांजराला केसीआयचा कागद आहे असं कुणी सांगितलं, तर तो माणूस अज्ञानी आहे किंवा लबाड आहे. दोन्ही परिस्थितीत तिथून पिल्लू घेऊ नये.

खऱ्या वंशावळीत पिल्लाच्या आईवडिलांची नोंदणीकृत नावं, त्यांचे क्रमांक, रंग आणि मागच्या तीन ते पाच पिढ्या असतात. ब्रीडरच्या कॅटरीचं, म्हणजे पैदाशीच्या घराचं, नोंदलेलं नाव असतं. तो क्रमांक संबंधित संस्थेला ईमेलवर कळवून खातरजमा करता येते आणि ती करायला लाजू नये. वंशावळ वाचताना एक गोष्ट आवर्जून पाहावी : आईच्या बाजूला असलेलं नाव बापाच्या बाजूलाही पुन्हा पुन्हा येतंय का? घरात एकच जोडी असली की मायलेकांचं किंवा भावंडांचं मेटिंग होतं आणि ते कुणी सांगत नाही. जवळच्या नात्यात वीण झाली की दडलेले दोष वर येतात.

मायक्रोचिपचंही तसंच. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे चिपचा क्रमांक १५ आकडी असतो. सुरुवातीचे तीन आकडे देशाचे किंवा उत्पादक कंपनीचे असतात, भारताचा संकेतांक ३५६ आहे. चिप आहे असं नुसतं ऐकून घेऊ नये. व्हेटकडे स्कॅनर असतो. मानेमागून तो फिरवला की क्रमांक दिसतो आणि तो लसीकरणाच्या कार्डावरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. जुळला नाही, तर ते कार्ड दुसऱ्याच मांजराचं असू शकतं.

इतकं सगळं जुळलं, तरी कागद सांगतो ती वंशाची गोष्ट. आरोग्याची नाही. शोमध्ये विजेत्या ठरलेल्या बोक्याच्या पोरातही मूत्रपिंडाचा आनुवंशिक विकार असू शकतो. उलट बाजूनं पाहिलं तर आपल्याकडे विकली जाणारी बरीच पर्शियन कुठल्याच संस्थेत नोंदलेली नसतात. ‘ट्रिपल कोट’ हा तर निव्वळ बाजारातला शब्द, कुठल्याही संस्थेच्या निकषांत तो नाही. कागद नसलेलं पिल्लू वाईटच असतं असं नव्हे, पण त्याला जातिवंताचा भाव देण्याचं कारण उरत नाही.

खाण तशी माती

आता मुख्य मुद्दा, रोगाचा. पर्शियन मांजरांत पॉलिसिस्टिक किडनी डिसीज, म्हणजे पीकेडी, हा विकार पूर्वापार आहे. मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी जन्मापासून असतात, हळूहळू वाढतात आणि मांजर पाच-सात वर्षांचं झाल्यावर मूत्रपिंड निकामी होऊ लागतं. तोवर घरादाराला त्याचा लळा लागलेला असतो. निरनिराळ्या देशांत झालेल्या पाहण्यांत तिसऱ्या हिश्शाहून अधिक पर्शियनमध्ये हा विकार आढळला होता. २००४मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी त्याला कारणीभूत जनुकदोष शोधून काढला आणि चित्र पालटलं.

हा दोष प्रबळ स्वरूपाचा आहे. आईबापांपैकी एकाकडून जरी आला तरी पिल्लू आजारी होतं आणि एक पालक बाधित असला तर सरासरी निम्म्या पिल्लांत तो उतरतो. याचीच दुसरी बाजू आशादायक आहे : दोन्ही पालक चाचणीत निर्दोष असतील तर पिल्लाला पीकेडी होत नाही. गालाच्या आतून कापसाच्या बोळ्यानं नमुना घ्यायचा आणि प्रयोगशाळेत पाठवायचा, इतकीच ही चाचणी. ब्रीडरनं ठरवलं तर एका पिढीत त्याच्या घरातून हा रोग हद्दपार होऊ शकतो. म्हणूनच पर्शियनच्या ब्रीडरला पहिला प्रश्न विचारावा तो हा : आईवडिलांची पीकेडी चाचणी झाली आहे का, आणि अहवाल दाखवाल का? ‘आमच्या मांजरांना कधी काही झालं नाही’ हे उत्तर अहवालाची जागा घेऊ शकत नाही. दोन वर्षांच्या मांजराला काही होत नाहीच, रोग दिसतो तो नंतर.

मेन कूनमध्ये भीती हृदयाची. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी, म्हणजे एचसीएम, या रोगात हृदयाचे स्नायू जाड होतात आणि धडधाकट दिसणारं मांजर अचानक जातं. २००५मध्ये मेन कूनमधला आणि २००७मध्ये रॅगडॉलमधला एकेक जनुकदोष सापडला. त्यांची डीएनए चाचणी उपलब्ध आहे. मात्र इथे पीकेडीसारखी खात्री मिळत नाही. चाचणी निर्दोष आली तरी वेगळ्या कारणानं एचसीएम होऊ शकतो. त्यामुळे चांगला ब्रीडर वीण घेण्याच्या मांजरांची ठरावीक काळानं हृदयाची सोनोग्राफीही करून घेतो.

स्कॉटिश फोल्डची गोष्ट आणखी अवघड. १९६१मध्ये स्कॉटलंडच्या एका शेतावर सुझी नावाची दुमडलेल्या कानांची मांजरी आढळली, तिच्यापासून ही जात आली. कान दुमडतो कारण त्यातली कूर्चा सदोष असते. आणि कूर्चा फक्त कानात नसते. पायांच्या, शेपटीच्या सांध्यांतही तोच दोष असतो. घुबडासारखा गोड चेहरा दिसतो तो याच दोषामुळे, आणि हेच मांजर पुढे जिना चढेनासं होतं, शेपूट ताठ होते, उडी मारणं थांबतं. दोन दुमडल्या कानांच्या मांजरांची वीण तर टाळावीच लागते, पण एका सरळ कानाच्या मांजराशी वीण घेतली तरी दुमडल्या कानाच्या पिल्लाला सांध्यांचा विकार असतोच, तीव्रता कमी-जास्त इतकाच फरक. जीसीसीएफनं १९७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच या जातीची नोंदणी थांबवली आणि नेदरलँड्सनं तिच्या पैदाशीवर बंदी आणली. आपल्याकडे ती अजून ‘क्यूट’ म्हणून चढ्या भावानं विकली जाते. इथे जबाबदार ब्रीडर शोधण्यात अर्थ नाही. दुमडल्या कानांची पिल्लं जन्माला घालणं हेच जबाबदारीत बसत नाही.

‘पंच फेस’चं दुखणंही याच रांगेतलं. नाक डोळ्यांच्या रेषेत गेलं की नाकपुड्या चिंचोळ्या होतात, अश्रुनलिका वाकते, डोळ्यांतून सतत पाणी गळतं, दात नीट जुळत नाहीत आणि डोकं मोठं म्हणून बाळंतपण अडतं. लांब केस, दाट लोकर आणि आखूड नाक अशा मांजराला नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात एसीशिवाय ठेवणं हे क्रौर्यच. पर्शियन हवीच असेल तर ‘डॉल फेस’, म्हणजे कमी चपट्या चेहऱ्याची, निवडावी. बाजारात ती स्वस्त असते आणि श्वास मोकळा घेते.

बंगाल जातीबाबत कायद्याची एक वेगळी बाजू आहे. घरगुती मांजर आणि लेपर्ड कॅट यांच्या संकरातून ती झाली. लेपर्ड कॅट आपल्या सह्याद्रीतही आढळते आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. उसाच्या फडात किंवा जंगलात ‘सापडलेलं’ ठिपकेदार पिल्लू बंगाल म्हणून कुणी देऊ केलं, तर ते घेणं हा गुन्हा आहे. वनविभागाला कळवावं.

चाळीस दिवसांचं पिल्लू

जाहिरातीतल्या ‘४० दिवसांचं’ या शब्दांत कायद्याचा भंग उघड लिहिलेला असतो. केंद्र सरकारच्या २०१८च्या पेट शॉप नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं मांजराचं पिल्लू विकता येत नाही. आठ आठवडे म्हणजे ५६ दिवस. आणि हा तर किमान आकडा झाला. ब्रिटनच्या जीसीसीएफच्या संहितेनुसार पिल्लू १३ आठवड्यांच्या आत घर सोडत नाही आणि तेही लसीकरण पूर्ण होऊन आठवडा उलटल्यावर.

इतका उशीर कशासाठी? पहिलं कारण रोगप्रतिकाराचं. आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती साधारण आठव्या ते सोळाव्या आठवड्यादरम्यान ओसरते आणि ती असेपर्यंत लस नीट लागू पडत नाही. म्हणून पॅनल्युकोपेनिया, हर्पीस आणि कॅलिसी यांविरुद्धची तिहेरी लस सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सुरू करून तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं सोळाव्या आठवड्यापर्यंत देतात. रेबीजची लस साधारण बाराव्या आठवड्याला. चाळीस दिवसांचं पिल्लू घर बदलतं तेव्हा त्याला लशीचं कवच नसतं, आईचं दूध तुटलेलं असतं आणि प्रवासाचा ताण असतो. पॅनल्युकोपेनियाला यापेक्षा सोपं सावज कुठलं? दोन दिवसांच्या उलट्या-जुलाबात पिल्लू हातचं जातं. याचा विषाणू घरात कित्येक महिने टिकतो. त्यामुळे ज्या घरात असं पिल्लू गेलं आहे तिथे लगेच दुसरं, लस न झालेलं पिल्लू आणू नये.

दुसरं कारण स्वभावाचं. मांजराच्या पिल्लाला माणसाची, आवाजाची, हातात घेण्याची सवय लागण्याचा सर्वांत मोलाचा काळ दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंतचा. म्हणजे तो काळ ब्रीडरच्या घरीच जातो. मिक्सर, कुकरची शिट्टी, दारावरची बेल, धावणारी मुलं यांत वाढलेलं पिल्लू तुमच्या घरी दुसऱ्या दिवशी रुळतं. गच्चीवरच्या पिंजऱ्यात वाढलेलं पलंगाखालून बाहेर यायला आठवडे घेतं. चावण्याची मर्यादाही ते आई आणि भावंडांकडूनच शिकतं. हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७मध्ये पाच हजारांहून अधिक मांजरांची माहिती तपासली. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेली मांजरं अधिक आक्रमक निघाली आणि पिल्लं किमान १४ आठवडे आईजवळ ठेवावीत, असं त्यांनी सुचवलं.

‘लहान आणलं की लळा लवकर लागतो’ हा समज म्हणून सोडूनच द्यावा. लळा तीन महिन्यांच्या पिल्लालाही लागतो.

घरी जाऊन काय पाहायचं

पिल्लू ब्रीडरच्या घरीच पाहावं. स्टेशनवर, कॅफेत, गाडीच्या डिकीत पिल्लू ‘हँडओव्हर’ करणाऱ्याकडे दाखवण्यासारखं घर नसतं. मात्र लस होईपर्यंत परक्यांना घरात न घेणारा ब्रीडर संशयास्पद मानू नये. संसर्गाची काळजी घेणारे लोक आधी व्हिडिओ कॉलवर आईसकट पिल्लं दाखवतात आणि नंतर घरी बोलावतात. तुम्हीही एका दिवशी दोन कॅटरींना भेट देऊ नये, कपड्यांवरून आणि बुटांवरून रोग सहज जातो.

दार उघडल्यावर आधी नाकाला विचारावं. लघवीचा उग्र दर्प डोळ्यांत झोंबत असेल तर मातीची खोकी रोज साफ होत नाहीत. मग माणसं आणि मांजरं मोजावीत. दोन माणसांच्या घरात तीस मांजरं असतील तर कुणी कितीही जीव ओवाळून टाकला तरी देखभाल पुरणार नाही.

त्यानंतर आई. ती समोर हवी, फोटोत नको. ‘आई गावाला आहे’, ‘आई मित्राकडे आहे’ ही उत्तरं ऐकली की उठावं. बाळंतिणीचे केस थोडे झडलेले असतात, ते चालतं. पण हाडं वर आलेली, सतत शिंकणारी, माणसाला पाहून कोपऱ्यात दबणारी आई पिल्लांबद्दल पुष्कळ सांगून जाते. तिची ही कितवी वीण, मागची कधी झाली, हेही विचारावं. मांजरीचा गर्भकाळ साधारण नऊ आठवड्यांचा असतो आणि आपल्याकडे बारमाही ऊन असल्यानं ती जवळपास वर्षभर माजावर येऊ शकते. लोभी माणूस तिच्याकडून वर्षात तीन वेळा पिल्लं काढतो. युरोपातल्या फिफेच्या नियमांत २४ महिन्यांत तीनपेक्षा जास्त विणींना परवानगी नाही.

पिल्लू झोपलेलं असेल तर जागं होईपर्यंत थांबावं. डोळे स्वच्छ, नाक कोरडं, हिरड्या गुलाबी हव्यात. कानांत काळपट भुरभुरीत मळ असेल तर माइट्स असतात. कानांच्या कडा, डोळ्यांभोवतीची त्वचा आणि पंजे नीट पाहावेत. तिथे गोल टक्कल दिसलं तर ती रिंगवर्म, म्हणजे गजकर्णाची बुरशी असू शकते. लांब केसांच्या मांजरांच्या कॅटरीत ती चिवटपणे राहते आणि घरातल्या मुलांनाही लागते. फुगलेलं पोट जंतांचं, शेपटीखालची ओल जुलाबाची खूण. पिल्लू तोंड उघडून श्वास घेत असेल तर ते घेऊच नये. अशक्त पिल्लाची दया येते आणि आपण त्यालाच उचलतो, ही भावना समजण्यासारखी आहे. पण त्याचे पैसे मिळाले की विक्रेता तशीच पुढची वीण घेतो.

उलटतपासणी

जबाबदार ब्रीडर ओळखण्याची सर्वांत सोपी खूण म्हणजे तो तुम्हाला किती प्रश्न विचारतो. घर कितव्या मजल्यावर आहे? खिडक्यांना आणि गॅलरीला जाळी आहे का? दिवसभर घरी कोण असतं? आधीचं मांजर होतं का, त्याचं काय झालं? सोसायटीची भूमिका काय? रोज केस विंचरायला कुणाला वेळ आहे? मुंबईत उंच इमारतींतून मांजरं पडण्याचे प्रकार नवे नाहीत, म्हणून जाळीचा फोटो पाठवल्याशिवाय पिल्लू न देणारे ब्रीडरही आहेत. मुलीला सून म्हणून देण्याआधी माणूस घर पाहतो तशी ही चौकशी. ती आपल्यावरचा अविश्वास समजू नये. जो काहीच विचारत नाही आणि फक्त जीपे नंबर पाठवतो, त्याची चिंता करावी.

व्यवहार लेखी असावा. करारात पिल्लाची जन्मतारीख, आईवडिलांची नावं, चिप क्रमांक, दिलेल्या लशींचे स्टिकर आणि जंतनाशकाच्या तारखा असाव्यात. पिल्लू घेतल्यापासून दोन-तीन दिवसांत आपल्या व्हेटकडे तपासून घेण्याची आणि गंभीर दोष आढळल्यास परत करण्याची मुभा हवी. पाळण्यासाठी दिलेल्या पिल्लाची नसबंदी ठरावीक वयापर्यंत करावी, अशी अट चांगले ब्रीडर घालतात. कधीही सांभाळणं अशक्य झालं तर मांजर आमच्याकडेच परत आणा, असंही लिहून देतात. ‘पुढे मेटिंगसाठी आमच्याकडेच आणा, पैसे सुटतील’ म्हणणारा माणूस ब्रीडरच्या वेशातला दलाल समजावा. आगाऊ रकमेची पावती घ्यावी आणि न पाहिलेल्या पिल्लासाठी पूर्ण रक्कम पाठवू नये. फोटो पाठवून पैसे घ्यायचे, मग ‘विमानाचा पिंजरा’ आणि ‘इन्शुरन्स’ म्हणून आणखी मागायचे आणि शेवटी फोन बंद करायचा, ही फसवणूक आता नेहमीची झाली आहे.

कायदा कुठे उभा आहे

प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६०चा. त्यातल्या पहिल्या गुन्ह्याचा दंड पन्नास रुपयांपर्यंतचा, त्या काळातला. त्याच कायद्याखाली २०१७मध्ये कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम आले आणि त्यात मादीच्या विणींवर मर्यादा घातली गेली : वर्षाला एक, आयुष्यात पाच. मांजरीसाठी असे स्वतंत्र नियम नाहीत. २०१८च्या पेट शॉप नियमांत मात्र मांजरं येतात. दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि ‘दुकान’ या व्याख्येत आठवडी बाजारातली जागा आणि ऑनलाइन मंचही धरले आहेत. म्हणजे विक्रेत्याकडे नोंदणी क्रमांक मागण्याचा अधिकार घेणाऱ्याला आहे. तो किती जण मागतात, हे प्रत्येकानं स्वतःलाच विचारावं.

इंग्लंडनं ६ एप्रिल २०२०पासून ‘लूसीज लॉ’ लागू केला. सहा महिन्यांच्या आतली कुत्र्या-मांजरांची पिल्लं तिसऱ्या माणसानं, म्हणजे दलालानं किंवा दुकानानं, व्यवसाय म्हणून विकायची नाहीत. घेणाऱ्यानं थेट ब्रीडरकडे जावं आणि पिल्लू आईसोबत पाहावं. आपल्याकडच्या बाजाराचा कणाच दलाल आहे. चार घरांतली पिल्लं स्वस्तात उचलायची, एका खोलीत ठेवायची आणि पुढे विकायची. त्या खोलीत एका पिल्लाला झालेला रोग सगळ्यांना होतो आणि आजारी पिल्लाची जबाबदारी कुणाचीच नसते. इंग्लंडसारखा नियम इथे आला तर बराच उपद्रव कमी होईल. तोवर तो नियम आपण स्वतःपुरता पाळू शकतो.

घ्यावं की दत्तक आणावं?

रस्त्यावर इतकी मांजरं असताना विकत कशाला, हा प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून हा आढावा पूर्ण होत नाही. महाराष्ट्रातल्या शहरांत प्राणीमित्रांकडे दर पावसाळ्यात पिल्लांची रीघ लागते. आपलं गावठी मांजर इथल्या उन्हा-पावसाला सरावलेलं असतं, त्याला रोज विंचरावं लागत नाही आणि माणसाला ते काही कमी लळा लावत नाही. बहुतेक घरांसाठी तेच योग्य. हौसेपोटी आणलेल्या आणि नंतर सोडून दिलेल्या पर्शियनही प्राणीमित्रांकडे असतात. जात हवीच असेल तर आधी तिथे चौकशी करावी.

पण सगळेच ब्रीडर दोषी ठरवणंही बरोबर नाही. आईवडिलांच्या चाचण्या, सोनोग्राफी, लशी, चांगलं खाणं, प्रसंगी सिझेरियन आणि तीन महिने पिल्लांना घरात वाढवणं हे सगळं प्रामाणिकपणे करणाऱ्याच्या हाती फारसं उरत नाही. म्हणूनच त्याच्याकडची किंमत जास्त असते आणि वाट पाहावी लागते. दहा हजारांचं पिल्लू आणि पुढे पाच वर्षं मूत्रपिंडाच्या आजारावर होणारा खर्च यांची बेरीज केली की स्वस्त कुठलं ते समजतं.

तेव्हा पिल्लू घेणाऱ्या वाचकाला एवढंच सांगणं : आई दाखवा, चाचणीचे अहवाल दाखवा, बारा-तेरा आठवडे पूर्ण होऊ द्या, ही तीन वाक्यं पाठ करा आणि फोनवरच विचारा. तिन्हींना ‘हो’ म्हणणारा ब्रीडर सापडेपर्यंत थांबा. एकालाही ‘नाही’ ऐकू आलं तर पिल्लू कितीही गोंडस असो, पैसे देऊ नका. या धंद्याला वळण लावण्याची ताकद आज तरी पैसे नाकारणाऱ्या गिऱ्हाइकाच्याच हातात आहे.